टीव्हीसमोरची खुर्ची
वाचकांचे प्रश्न, साताऱ्याच्या काकांची उत्तरं

या खेपेला पत्रांचा गठ्ठा चांगलाच जाड आहे. ‘काका, एवढ्या मालिका बघता, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?’ असं विचारणारी पत्रं मी बाजूला काढून ठेवलीत. नाही, दुसरा उद्योग नाही. बँकेच्या काउंटरमागे उभी हयात लोकांच्या नोटा मोजल्या. आता संध्याकाळी साडेसहा ते दहा मी माझ्या खुर्चीत असतो आणि आमची ही तिच्या. रिमोट मध्ये टीपॉयवर असतो, म्हणजे तिच्या बाजूला.

काका, ‘ठरलं तर मग’ ही तमिळ मालिकेवरून उचललेली आहे, असं माझा मुलगा चारचौघांत सांगतो. मला ओशाळल्यासारखं होतं. खरं आहे का? आपल्याकडे गोष्टी सांगणारे संपले का?
– एक गृहिणी, सांगली

ताई, खरं आहे, पण उचललेली नाही. रीतसर हक्क घेऊन केलेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर ती सुरू झाली. मूळ मालिका ‘रोजा’, सन टीव्हीवरची. मुलाला पुढचंही सांगा, म्हणजे त्याचं एकदाचं समाधान होईल. ‘आई कुठे काय करते’ मूळची बंगाली ‘श्रीमोयी’, आणि हिंदीतली ‘अनुपमा’ही तिथूनच आलेली. ‘सहकुटुंब सहपरिवार’ तमिळ ‘पांडियन स्टोअर्स’वरून. ‘रंग माझा वेगळा’ मल्याळममधून. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ पुन्हा बंगालीतून. झी मराठीची ‘लक्ष्मी निवास’ कन्नडमधून, तीही त्याच नावाने.

कारण सरळ आहे. या वाहिन्यांची भावंडं बंगालीत, तमिळमध्ये, कानडीत आहेत. एका घरात चाललेली गोष्ट दुसऱ्या घरात नेली की धोका निम्मा होतो. रोज एक भाग द्यायचा, आठवड्याला सहा, कधी सात. कोऱ्या कागदावर पैज लावायला कुणी धजत नाही.

पण गोष्ट परकी असली म्हणून माणसं परकी होतात असं नाही. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीचं बोलणं मुग्धा गोडबोले लिहायच्या आणि मधुराणी प्रभुलकर ते असं बोलायची की आमच्या हिला तिची थोरली बहीण आठवायची. हिची बहीण काही बंगाली नाही, कोरेगावची आहे. मालिका मराठी होते ती संवादात. तिथे मी मार्क देतो आणि तिथेच कापतोही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मालिकेतलं लग्न बघा. मेंदी होते, संगीत होतं, त्यात घरातली झाडून सगळी माणसं नाच बसवतात, सासरेबुवासुद्धा. सीमांतपूजन मात्र गायब. कानपिळ्या मेहुणा नाही, विहिणीची पंगत नाही, रुसलेला फुवा नाही. मराठी लग्नात भांडायला एवढा सरंजाम तयार असताना हे लोक दुधात विष कालवत बसतात! गोष्ट बाहेरून आणा, हरकत नाही. पण भांडणं तरी आपली ठेवा.

मी मालिका पाहत नाही. परंतु सौ. पाहत असल्याने काही गोष्टी कानावर पडतात. ‘वीण दोघांतली ही तुटेना’मध्ये समर हा स्वानंदीशी ज्या कारणासाठी लग्नाला उभा राहिला, ते तर्काला धरून वाटत नाही. आपले मत कळवावे.
– एक निवृत्त अधिकारी, पुणे

साहेब, न पाहता तुम्हाला दोघांची नावं आणि लग्नाचं कारण ठाऊक आहे, याबद्दल तुमच्या कानांचं अभिनंदन. आमच्या सोसायटीतही असे बरेच पुरुष आहेत. पेपर उघडा असतो, पण साडेसात ते आठ पान उलटत नाही.

भावासाठी, बहिणीसाठी स्वतःचं लग्न करणं तर्काला धरून नाही, हे कबूल. पण सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान समोरासमोर उभे राहून साधं बोलायला लागले की तर्काची आठवण मला तरी राहत नाही. नायक-नायिका चाळिशीच्या आसपासची वाटतात, हेही मला आवडतं. कॉलेजातून कालच बाहेर पडलेल्या मुलीने पाचशे कोटींची कंपनी सांभाळलेली बघून मी दमलो होतो. तुम्ही सौं.शेजारी उघडपणे बसा. त्यांना बरं वाटेल.

पूर्णा आजींच्या जागी आता दुसऱ्या बाई. मला ते पाहवत नाही. त्यापेक्षा आजींच्या फोटोला हार घालून मोकळं व्हायला नको होतं का?
– एक आजी, मिरज

आजी, तुमचं दुःख कळतं. पूर्णा आजी झालेल्या ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ रोजी गेल्या. ‘ठरलं तर मग’मध्ये त्या हसल्या की स्टुडिओतलं घर खरं वाटायचं. ‘मी सिंधुताई सपकाळ’ या सिनेमात तरुणपणीची सिंधुताई त्यांच्या मुलीने, तेजस्विनी पंडितने केली होती आणि उतारवयातली त्यांनी. मायलेकींनी एकच बाई उभी केली, असं रोज घडत नाही.

हाराबद्दल मात्र माझं मत तुमच्याविरुद्ध आहे. हार घातला असता तर पुढे तेरावा, फोटोसमोर रडणं, मृत्युपत्र, त्यावरून कारस्थानं, असं सगळं सुरू झालं असतं. खऱ्या माणसाच्या जाण्यावर महिनाभर कथानक चालवलेलं मला जास्त टोचलं असतं. वाहिनी काही आठवडे थांबली आणि ऑक्टोबरात रोहिणी हट्टंगडींना आणलं, हे मला शोभेसं वाटलं. ‘चार दिवस सासूचे’ बघत ज्यांची सासू आपल्या घरातली झाली, त्या बाईला आता आजी म्हणायचं आहे, एवढंच.

आणि गंमत म्हणून एक बघून ठेवा. एखाद्या भूमिकेत नवा चेहरा आला की पहिले दोन-तीन दिवस सगळी पात्रं त्या माणसाला वाक्यागणिक नावाने हाक मारतात. पूर्णा आजी, बसा. पूर्णा आजी, चहा. पूर्णा आजी, औषध घेतलंत? एरवी घरात आपण कुणाला इतकं नावाने बोलवतो का? प्रेक्षकाच्या डोक्यात नाव आणि चेहरा शिवून टाकायचे असतात, म्हणून लेखक टाके घालत असतो. टाके दिसेनासे झाले की समजायचं, आपणही मानलं.

नट मधेच सोडून गेला की गोष्ट निराळी. ‘प्रेमाची गोष्ट’मधून जानेवारी २०२५ मध्ये तेजश्री प्रधान बाहेर पडली, स्वरदा ठिगळे मुक्ता झाली. बिचारीने मेहनत घेतली, पण त्याच वर्षी मालिका आटोपली. तिथे प्रेक्षक रुसलेला होता, आणि रुसलेल्या माणसाला टाके बरोबर दिसतात.

दर गुरुवारी ‘टीआरपीत कोण पहिलं’ हे छापून येतं. आमच्या गावात कोणालाही, कधीही, कोणी विचारायला आलेलं नाही. मग हे ठरवतं कोण?
– एक किराणा दुकानदार, माण तालुका

मोजणारी संस्था म्हणजे ‘बार्क’. २०१५ पासून तिचेच आकडे चालतात, त्याआधी ‘टॅम’चे चालायचे. देशभरात पन्नास हजारांहून अधिक घरांत त्यांची यंत्रं बसवलेली आहेत. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती या यंत्राला कळते. घरात प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. सून टीव्हीसमोर बसली की सुनेने आपलं बटण दाबायचं, उठली की परत दाबायचं. त्यावरून कुठल्या वयाचं कोण, किती मिनिटं, काय बघत होतं हे कळतं. घरं गुप्त ठेवतात. कारण उघड आहे, पत्ता फुटला तर उद्या कुणीतरी मिक्सर भेट द्यायला येईल. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार केल्याचा गुन्हा नोंदवला, आणि त्यानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंदच होते.

तेव्हा कुणी विचारायला येत नसतं. यंत्र बसवून जातात. तुमच्या तालुक्यात असं एखादं घर असेलही. ते तुमच्याकडून साखर नेत असेल आणि बोलत नसेल.

तुमच्या पत्रावरून एक जुनं गणित आठवलं. ऑक्टोबर २०१५ पासून बार्कने ग्रामीण भागाचेही आकडे द्यायला सुरुवात केली. त्याआधी मालिकांमधलं घर म्हणजे ठाणे, दादर, फार तर पुणे. गाव म्हणजे जिथून नोकर येतो ते ठिकाण. आणि मग बघा: फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापुराकडे, राणादा लाल मातीत. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ आमच्या साताऱ्यात, फौजी होऊ पाहणारा अज्या. वाहिन्यांना अचानक गावाची ओढ लागली असं म्हणायला मी तयार नाही. गावातला माणूस मोजला जायला लागला, म्हणून तो दिसायला लागला. हा माझा हिशेब आहे. पण उभी नोकरी ताळा करण्यात गेली, त्यामुळे स्वतःच्या हिशेबावर माझा थोडा विश्वास आहे.

ही मोजणी निष्ठुर असते. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ पासून संध्याकाळची राणी होती. मार्च २०२४ मध्ये तिला दुपारी अडीचला हलवलं, तिच्या जागी ‘घरोघरी मातीच्या चुली’ आली, आणि नोव्हेंबरअखेर ‘आई कुठे काय करते’ संपली. मालिका दुपारी गेली की समजावं, सामान बांधायला घेतलंय.

आमचा वाईजवळच्या गावात जुना वाडा आहे. एका मालिकेसाठी द्याल का, म्हणून माणसं येऊन गेली. भाडं चांगलं सांगतात. द्यावा का?
– एक वाडामालक, सातारा जिल्हा

या प्रश्नाची मी वाट बघत होतो. आमच्या एका नातलगाने असा वाडा दिला होता. कुणाची मालिका, कुठली वाहिनी हे सांगत नाही. पण मी तिथे जाऊन बसलेला आहे, तेव्हा डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

पहिल्या दिवशी येतात ते कलादिग्दर्शनवाले. वाडा जुना दिसतो म्हणून घेतलेला असतो, आणि तो पुरेसा जुना दिसत नाही म्हणून लगेच रंगवायला घेतात. चांगल्या चुन्याच्या भिंतीवर मातकट रंग, त्यावर ओल आल्याचे डाग, तेही ब्रशने. अंगणात खरं तुळशीवृंदावन होतं, दगडी, नातलगाच्या पणजोबांच्या वेळचं. ते कॅमेऱ्याच्या चौकटीत येईना, म्हणून तीन हात अलीकडे प्लायवूडचं दुसरं वृंदावन उभं केलं. त्यात तुळसही प्लॅस्टिकची. घरातल्या म्हाताऱ्या काकू रोज सकाळी खऱ्या तुळशीला पाणी घालायच्या आणि मालिकेतली सून साडेनवाला खोट्या तुळशीला. एकदा काकूंनी सवयीने खोट्या तुळशीलाच पाणी घातलं आणि प्लायवूड फुगलं. कलादिग्दर्शकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

मग जनरेटरची गाडी येते. ती गल्लीत दूर उभी करतात, आवाज नको म्हणून. तिच्यापासून वाड्यापर्यंत मनगटाएवढ्या जाड केबली. त्या ओलांडत सगळ्या गावाने जायचं. ‘सायलेन्स’ म्हणून ओरडा झाला की शेजारच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात सगळं गाव हौसेने गप्प बसतं. दुसऱ्या महिन्यात शेजारीण कुकर मुद्दाम लावते. मोर, कोंबडे, मशिदीचा भोंगा आणि देवळातली आरती यांच्यापुढे मात्र कुणाचं चालत नाही. सगळं युनिट कमरेवर हात ठेवून आरती संपायची वाट बघत उभं राहतं.

शिफ्ट बारा-बारा तासांची. मालिकेत जी सासू सुनेला उपाशी ठेवते ती जेवणाच्या सुट्टीत त्याच सुनेच्या ताटात आपली भाकरी वाढताना मी पाहिली आहे. कलाकारांची ओसरीवर झोपलेली तोंडं बघितली तर पडद्यावरच्या श्रीमंतीचा हेवा वाटणार नाही. त्यात या धंद्यात पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात, ही ओरड जुनीच. हे तुम्हालाही लागू होऊ शकतं, म्हणून पुढे लक्ष द्या.

द्यायचा असेल तर कागदावर द्या. भाडं दिवसाचं की महिन्याचं, शूटिंग नसलेल्या दिवसांचं काय, हे लिहून घ्या. अनामत आधी घ्या. भिंतीचा रंग, खिळे, फरशी पूर्वीसारखं करून द्यायचं, ते कोणाच्या खर्चाने, हे लिहा. आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून तारखेसकट ठेवा. पाण्याच्या टाकीचं आणि संडासांचं आधी ठरवा. शंभर माणसं येतात आणि जुन्या वाड्यात संडास एकच असतो, खरं भांडण तिथेच सुरू होतं. देवघर आणि एक खोली कुलूपबंद ठेवा. रस्ता अडणार असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी त्यांनी काढायची, तुम्ही नाही. आणि मालिका अचानक बंद पडली तर सामान किती दिवसांत हलवायचं, हे सगळ्यात आधी लिहा. त्या नातलगाच्या अंगणात ते फुगलेलं वृंदावन पुढे कितीतरी महिने पडून होतं, आणि फोन उचलायला पलीकडे कुणी नव्हतं.

एवढं करून पैसे वाईट नाहीत. गावातही चार पैसे फिरतात. नाश्ता, गाड्या, गर्दीत उभी राहायला माणसं, सगळं तिथलंच घेतात. करोनाच्या काळात मुंबईत नियम कडक झाले तेव्हा आमच्या जिल्ह्यात बरीच युनिटं आली. त्याची कडू आठवणही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘आई माझी काळूबाई’च्या चित्रीकरणादरम्यान आशालता वाबगावकरांना करोना झाला आणि त्या साताऱ्यातच गेल्या. गोव्याची बाई, नाट्यसंगीतातला तो गळा. आमच्या गावच्या दवाखान्यात शेवट व्हावा, हे तेव्हा फार लागलं होतं.

‘सीआयडी’मधले एसीपी प्रद्युम्न मेले होते ना? मग परत कसे आले?
– इयत्ता सातवी, नाशिक

बाळ, तू लहान आहेस म्हणून सांगतो. मालिकेत प्रेत सापडलं नाही तर माणूस जिवंत असतो. सापडलं तरी खात्री नसते.

‘सीआयडी’ जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये थांबली, डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. एप्रिल २०२५ मध्ये एसीपींना स्फोटात मारलं, पार्थ समथान नवा एसीपी म्हणून आला. लोकांनी असा काही गलका केला की शिवाजी साटम परत आले. तुझ्या आजोबांना ‘एक शून्य शून्य’ विचार. मुंबई दूरदर्शनवरची पोलिसांची मालिका, साटमच होते त्यात, आणि दिग्दर्शकही तेच बी. पी. सिंग. शिवाय साटम नट होण्याआधी बँकेत होते. आमच्या जमातीचा माणूस असा स्फोटाने वगैरे जात नाही.

मालिकांमधली मालवणी ऐकली की जीव जातो. सगळ्या वाक्यांना ‘गो’ आणि ‘रे’ लावलं की झालं, असं यांना वाटतं काय?
– एक शिक्षिका, वेंगुर्ला

होय, बहुतेकांना तसंच वाटतं. बाई, पण ‘रात्रीस खेळ चाले’च्या वेळी तुमच्याकडच्या लोकांनीही ऐकलं असेल की पांडू जे बोलायचा ते बरंचसं खरं होतं. कारण पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर स्वतःच ती मालिका लिहीत होते. आकेरीच्या वाड्यात चित्रीकरण, आसपासचे नाटकातले नट घेतलेले. दशावताराची सवय असलेल्या माणसाला मालवणी शिकवावी लागत नाही. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक आला तेव्हा तर साताऱ्याची पोरंही तसं बोलायला बघत होती. भयंकर बोलायची, ते सोडा.

उलट उदाहरणही आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपूरची, आणि अनिता दाते मूळची नाशिकची. पण तिने वऱ्हाडी लहेजा असा उचलला की आमच्या अमरावतीच्या व्याह्यांनी बराच काळ तिला आपल्याकडचीच मानली. म्हणजे जन्म तिथलाच हवा असं नाही. कान हवा आणि लिहिणारा हवा. ते नसलं की नुसतं ‘गो’ उरतं. आमच्या सातारी बोलीचंही तेच करतात. दोन वाक्यांत एकदा ‘व्हय’ आणि एकदा ‘न्हाय’, झाला साताऱ्याचा माणूस. आमच्याकडे ‘व्हय’ म्हणायच्या किती तऱ्हा आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचा अर्थ ‘नाही’ असतो, हे त्यांच्या गावीही नाही.

पूर्वी किती सकस मालिका होत्या! ‘चिमणराव’, ‘स्वामी’, ‘आभाळमाया’. आता नुसता कचरा. तुम्ही हे कसं सहन करता?
– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

‘चिमणराव’ मलाही प्रिय. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा आमच्या घरी चहा झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. पण पूर्वीचं सगळंच सोनं होतं, हे मला मान्य नाही. तेव्हा वाहिनी एकच होती. शेतीविषयक माहितीसुद्धा आपण तोंड उघडं टाकून बघायचो. टाकाऊ होतं ते आपण विसरलो आणि उरलेल्याला सुवर्णकाळ म्हणतो.

फरक कुठे पडला ते सांगतो. आठवड्याला एक भाग, असे तेरा झाले की बहुतेक मालिका संपायची. म्हणजे लेखकाला शेवट ठाऊक असायचा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सुद्धा आठवड्याचीच होती आणि २००४ मध्ये लोकांना हवीशी असतानाच थांबली. रोजच्या मालिकेला शेवट नसतो. आकडे पडले की ती पडते. गोष्ट संपली म्हणून मालिका संपली, असं मला दोन-चारदाच आठवतं. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. घना आणि राधा दोघं शहाणी झाली, विषय संपला. आजही लोक तिचं नाव काढतात. त्याउलट ‘होणार सून मी ह्या घरची’. सहा सासवा, सगळ्या गोड, जान्हवी तर लाडकी. पण तिचं बाळंतपण असं लांबलं की महाराष्ट्रात त्यावर विनोद सुरू झाले. लोकांचा जीव होता म्हणून ताणली, आणि ताणल्यामुळे जीव गेला.

आता तुमच्यासारख्यांवरचा माझा राग. सोनी मराठीने २०२० मध्ये ‘सावित्रीजोती’ आणली. जोतिबा आणि सावित्रीबाईंचं आयुष्य, नेटाने केलेलं. वर्ष संपता संपता प्रेक्षक नाही म्हणून बंद केली. तेव्हा हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी विचारलं, मालिका किती वाजता लागायची? एकाला सांगता येईना. साहेब, तुम्हाला सांगता येईल?

मी न्यू जर्सीत राहते. भाग मोबाइलवर दीडपट वेगाने बघते. नवरा म्हणतो हा कलाकारांचा अपमान आहे.
– एक वाचक, अमेरिका

मुळीच नाही. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बाविसेक मिनिटं उरतात. त्यात सुरुवातीला कालचं, शेवटी उद्याचं. मधे कुणी ‘मला सगळं कळलंय’ म्हणालं की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा एकेकदा, वीज कडाडल्यासारखा आवाज, मग बोलणाऱ्याचा चेहरा, मग पुन्हा सगळे. घरात आठ माणसं असली तर नुसत्या दचकण्यात मिनिट जातं. एकत्र कुटुंबं मालिकांना इतकी का आवडतात, हे आता तुम्हाला कळलं असेल. दीडपट ठेवा. फक्त रोहिणीताई किंवा सुबोध भावे बोलायला लागले की वेग उतरवत चला. त्यांच्या थांबण्यात मजकूर असतो.

काका, मला नऊला झोप येते. त्याआधी एकच बघायची तर कोणती बघू?
– एक वाचक, लातूर

‘ठरलं तर मग’. नऊला टीव्ही बंद. तेवढ्यातही डुलकी लागली तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन मिनिटांत सगळं परत दाखवतात.

*पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला लिहावं. खलनायिकांचे पत्ते मागू नयेत, माझ्याकडे नाहीत. आणि ज्या बाईंनी मालिकेतल्या मुलाचं लग्न जमवण्यासाठी आपल्या भाचीची पत्रिका पाठवली आहे, ती पत्रिका आमच्या हिच्याकडे सुरक्षित आहे. तिने बघितली. म्हणते, मुलगी छान आहे, खऱ्या मुलाला दाखवा.*